दोन काठांवर न चढलेलं पाणी

१

बुधवारी सकाळी पावणेसातला मे बुआलाय कमरेपर्यंत भिजून नावेत चढली, काखेतली कोंबडी फळीवर ठेवली, आणि बसायला कोरडी म्हणून जी एकमेव वस्तू तिला सापडली ती दोन देशांची संयुक्त वही होती.

नदीची रोजची पातळी लिहायची ही वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. मे बुआलायचा स्वभाव असा की आपण कशावर बसलोय हे तिला माहीत असावं लागतं. तिने पिशवी सोडली. ताज्या शाईत पलीकडच्या, म्हणजे लाओ काठावरच्या खाम्फुईच्या अक्षरात लिहिलं होतं : '१४ जानेवारी. २७८. कालपेक्षा दोन सेंटीमीटर उतार.'

नावेच्या बरोबर खाली, त्या क्षणी, तिचे भुईमुगाचे चार वाफे होते.

"तान," ती नावाड्याला म्हणाली, "पाणी उतरलंय म्हणे."

लुङ तानने, म्हणजे तानकाकाने, धुक्यात इकडेतिकडे पाहिलं. जिथे काल संध्याकाळपर्यंत वाळूचं बेट होतं, तिथे दोन बांबूंची टोकं आणि तिचं भाताचं पातेलं तेवढं दिसत होतं. पातेलं चाललं होतं.

"हं," लुङ तान म्हणाला. तो दिवसाला पाच शब्द बोलतो, सणासुदीला सात.

त्याने तिला, कोंबडीला आणि बेटावरच्या आणखी दोन बायकांना लाओ काठावर उतरवलं, आणि वही घेऊन तो आमच्या थाय काठाकडे वल्हवत निघून गेला. बाकीचे लोक आपापल्या होड्यांतून सुटले. जीव कुणाचा गेला नाही. दहा वाजता धुकं उठलं तेव्हा पाणी बरंचसं ओसरलेलंही होतं. वरच्या धरणाने सोडलं, आलं, गेलं. मेकाँगचं हल्ली असंच आहे. पाहुण्यासारखी येते आणि निरोप न घेता जाते.

दुपारी मे बुआलाय नदी ओलांडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सानित, वही दाखव. खाम्फुईला धुक्यात दिसलं नसेल, एखाद्याची चूक होते. तुमच्या विचियानने काय लिहिलंय ते बघू."

मी वही उघडली. खाम्फुईच्या ओळीशेजारी आमच्या विचियानचं सुबक अक्षर होतं : '२६०. कालपेक्षा दोन सेंटीमीटर उतार.'

एक माणूस चुकला तर ती चूक. पण नदीच्या दोन काठांवर, दोन देशांच्या पातळी मोजायच्या दोन खांबांवर, दोन सरळ माणसांनी एकाच सकाळी कमरभर पाणी चढताना पाहिलं नाही, आणि न पाहण्यातही दोघांचं दोन सेंटीमीटरवर एकमत झालं.

२

माझी ओळख थोडक्यात आटपतो. तीस वर्षं मी जिल्ह्याच्या साप्ताहिकात लोकांची टिंगल केली. निवृत्त झाल्यावर लोकांनी मला संयुक्त नदी समितीवर 'जनतेचा प्रतिनिधी' नेमून उट्टं काढलं. महिनाअखेरीला वहीची स्वच्छ प्रत काढणं हे माझं काम.

मे बुआलायची ओळख मात्र नीट करून द्यायला हवी. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं सुईण होती. लाओ काठावर राहते, पण नदीला पूर असो की सरहद्द बंद असो, दोन्ही काठांवरची बाळंतपणं तिनेच केली. म्हणून दोन्ही काठ तिला 'मे' म्हणतात, म्हणजे आई. खाम्फुई तिच्या हातावर जन्मला, विचियानही. जिने पहिल्याच मिनिटाला उलटं धरून पाठीत चापट मारली तिच्यासमोर कुठल्याही देशाचा सरकारी माणूस फार वेळ ताठ उभा राहू शकत नाही.

तिची स्वतःची काठावरची जमीन सहा वर्षांपूर्वी नदीने खाल्ली. तेव्हापासून तिच्याकडे होतं ते फक्त मधलं बेट. हिवाळ्यात पाणी खाली गेलं की वर येतं, पावसाळ्यात जातं. दोन्ही गावांची मिळून अकरा घरं त्यावर भुईमूग, मोहरी आणि कोथिंबीर लावतात. सरहद्द बेटावरून नेमकी कुठून जाते ते नकाशाला ठाऊक, शेंगांना नाही.

ही शेती करायला समितीने एका अटीवर परवानगी दिली होती. रोज सकाळी साडेसहाला दोन्ही खांब वाचायचे. पाणी कालपेक्षा दोन वीत चढलं तर लगेच लाल निशाण लावायचं आणि देवळातला मोठा ढोल वाजवायचा, म्हणजे बेटावरचे लोक बाहेर पडतील. आणि शेवटी बारीक अक्षरात : इशारा एकदा जरी चुकला, तर बेटावरची शेती कायमची बंद.

"शनिवारी दोन्हीकडचे साहेब येतायत," मी म्हणालो. "मे, तुम्हाला माहितीय ते काय म्हणतील."

"म्हणतील, दोन्ही खांबांवर पाणी चढलंच नाही, मग तुम्ही बुडालात कशा. किंवा म्हणतील, चढलं असेल तर इशारा चुकला, बंद करा बेट." तिने सुपारी तोंडात टाकली. "दोन्हीकडून मरण माझ्याच वाफ्यांचं. म्हणून आधी मला कळायला पाहिजे, न बघता बुडवलं की बघून."

"पाणी साडेसहानंतर चढलं असेल तर?"

"आमच्या काठावरचा भोंगा सहाला बातम्या सुरू करतो. बातम्या सुरू झाल्या तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला होतं. हवामानाचा अंदाज आला तेव्हा कमरेला." तिने सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "कोरडं राहील म्हणाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही लुङ तानच्या नावेतून लाओ खांबापाशी गेलो. खांबावर ताज्या गाळाची रेघ होती, ३४१ वर. म्हणजे पाणी चढलं होतं, यात वाद नव्हता. आत्ताचं पाणी बघण्यात अर्थ नव्हता. बुधवारपासून नदी दर तासाला वर-खाली होत होती.

खांबाच्या वरच्या अंगाला खाम्फुईचा मळा. खांबाकडे उतरायची वाट मळ्यातून, बांबूच्या फाटकातून. खाम्फुई फाटकापलीकडे उभा राहून आमच्याशी बोलला. पन्नाशीचा, जाडजूड, घाबरला की कान लाल होणारा.

"मे, तू मला ओळखतेस. एकतीस वर्षांत एक दिवस वहीत रेघ चुकली नाही."

"रेघ नाही चुकली रे बाळा. पाणी चुकलं."

"मी जे होतं ते लिहिलं. आणि माझं राहू दे, विचियानने काय लिहिलं बघ. तो माणूस देव आहे. तो चुकेल का?"

"शेंगा छान आल्यात," मे बुआलाय म्हणाली. फाटकावर वालाच्या शेंगांचा वेल चढला होता. एका बांबूवरून दुसऱ्यावर, फाटकाच्या दोन्ही झडपांना वेढे घालत, वर जांभळी फुलं.

"बायकोने पावसाळा संपताना लावला, नाताळाच्या सुमाराला फाटकावर चढला. न्यायच्या का?"

"नको. तोडू नकोस," ती एकदम म्हणाली. "शनिवारपर्यंत या वेलाचं एक पानही तोडू नकोस."

नावेत बसल्यावर मी विचारलं, शेंगांचं काय. ती म्हणाली, "सानित, तू आयुष्यात कधी फाटक उघडलंयस का?" आणि सुपारी कातरायला घेतली.

३

आमच्या काठावर दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा धक्का झाला. आधी पाण्याकडे पायवाट होती. आता चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत आणि वर लोखंडी दार. दाराला कुलूप, किल्ली विचियानकडे. विचियान हडकुळा, नेटका, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याने आम्हाला बर्फाची कॉफी दिली.

"रोज चौऱ्याऐंशी पायऱ्या?" मे बुआलायने विचारलं. "तुझ्या आईला तर तू पायाळू होतास म्हणून मी बजावलं होतं, जास्त चालवू नका."

"मे, काम आहे. खाम्फुई एकतीस वर्षं वाचतोय, मला अठराच झालीत. त्याच्या अचूकपणापुढे आम्ही कोण? बुधवारी त्याने आधी लिहिलं, मी नंतर. दोघांचं जुळतंय. म्हणजे..." तो अडखळला, "म्हणजे पाणी बहुधा तुमच्या बाजूनेच चढलं असेल. बेटाच्या."

"नदीच्या फक्त मधेच."

"असं नाही म्हणत मी."

"नको म्हणूस." ती उठली. "कुलूप बघते जरा."

दाराशी जाऊन तिने चष्मा लावला आणि कुलपाकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं ते आता कबुली देईल. मग ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बघ." किल्लीच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. टुमदार. माती वाळून पांढरी पडलेली.

विचियान मागे उभा होता. त्याच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबला.

त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर चिकट भात आणि मिरचीची चटणी खात तिने वही मागे मागे चाळली. मी समजावलं : दोन रकाने, डावा आमचा, उजवा त्यांचा. लाओ खांब अठरा सेंटीमीटर जास्त दाखवतो, कारण दोन्ही खांब वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या इंजिनिअरांनी ठोकले आणि आपलंच शून्य खरं यावर दोघेही मरेपर्यंत ठाम राहिले. एक दिवस ते आधी लिहितात आणि वही नावेतून इकडे येते. दुसऱ्या दिवशी आम्ही आधी, वही तिकडे. लुङ तानची नाव खांबांपासून दूर, गावच्या उतारावर लागते आणि वही तो घरपोच देतो.

"तेवीस डिसेंबर," तिने वाचलं. "३०२ आणि ३२१. चोवीसला ३०३ आणि ३२०. फरक कधी एकोणीस, कधी सतरा. पाणी कधी चढतं, कधी उतरतं."

"लाटा असतात. डोळे असतात."

"आणि पंचवीसपासून?"

मी बोट फिरवलं. ३००, ३१८. २९८, ३१६. २९६, ३१४. रोज फरक अठरा. रोज उतार दोन. एकवीस दिवस. यातल्या डिसेंबरच्या आठवड्याची स्वच्छ प्रत मीच काढली होती, आणि ती काढताना माझ्या मनात एवढंच आलं होतं की यंदा नदीला वळण लागलं.

"तीस वर्षं लोकांच्या चुका शोधून खाल्लंस," मे बुआलाय म्हणाली, "आणि ही तुला दिसली नाही."

"मग दोघांनी संगनमत केलं?"

"तीच तर गंमत आहे. संगनमत करायला एकदा तरी भेटावं लागतं. आणि हे दोघे भेटले की नाही, ते सांगणारा माणूस एकच आहे."

४

लुङ तान नावेतलं पाणी उपसत होता.

"तान, खाम्फुई आणि विचियान एकमेकांना शेवटचे कधी भेटले?"

त्याने बराच विचार केला. "नौकांच्या शर्यतीला."

म्हणजे ऑक्टोबरात.

"तुझ्याबरोबर निरोप, चिठ्ठी?"

"वही."

"नुसती वही." ती काठावर बसली. "बुधवारी पहाटे तू बेटावरून आम्हाला उचललंस. नंतर इकडे आलास. विचियानला वही दिलीस. पाणी चढलंय हे तू डोळ्यांनी बघितलं होतंस. त्याला सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं नाही."

"आणि खाम्फुईने?"

"तोही."

"तीन आठवड्यांत कुणीच तुला विचारलं नाही, तान, पाणी कसं आहे?"

लुङ तानने उपसणं थांबवलं. त्याचे त्या दिवसाचे शब्द कधीच संपले होते, पण हा प्रश्न त्याच्या मनात बरेच दिवस पडून असावा. "मी रोज दोनदा नदी ओलांडतो," तो म्हणाला. "वही आणि मी एकाच नावेत असतो. बघतात ते वहीकडे."

मे बुआलायने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"कोडं सुटलं, सानित. पण शनिवारी ते सांगितलं तर बेट जातं. आणि नाही सांगितलं तर पुढच्या वेळी पहाटे तान दुसऱ्या काठावर असेल."

"मग काय करणार?"

"आधी मला सांग. स्वच्छ प्रतीखाली दोन्ही साहेबांच्या सह्या असतात ना? वर काय लिहिलेलं असतं?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की सुपारी नदीत पडली.

५

शनिवारी देवळाच्या मंडपात दोन्ही देशांचे साहेब दोन बाजूंना बसले, मधे फुलदाणी. आमचे साहेब जाड, त्यांचे साहेब त्याहून नम्र. खाम्फुई आणि विचियान खाली चटईवर, एकमेकांशेजारी. बेटावरची अकरा घरं खांबांना टेकून.

"वहीनुसार," आमचे साहेब म्हणाले, "त्या दिवशी पाणी उतरत होतं."

"मित्रदेशाच्या नोंदीशी आम्ही पूर्ण सहमत आहोत," त्यांचे साहेब म्हणाले.

मे बुआलाय उठली. हातात वालाचा लांब वेल, सकाळीच कापून आणलेला. सोबत कागदात गुंडाळलेलं कुलूप. ते मी करवतीने कापलं होतं, कारण किल्ली जाईना.

"साहेब, हा वेल खाम्फुईच्या फाटकावरचा. नाताळाला फाटकावर चढला. दोन्ही झडपांना वेढे आहेत, एकही तुटलेला नाही. फाटक उघडलं असतं तर तुटला असता. म्हणजे तीन आठवडे खाम्फुई पाण्याकडे उतरला नाही. हे कुलूप विचियानचं. आत माशी बाळंत झालीय. म्हणजे तोही उतरला नाही."

खाम्फुईने मान वळवून विचियानकडे पाहिलं. विचियान त्याच्याकडेच बघत होता. दोघांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सगळ्या जगावरचा विश्वास उडाल्यासारखं ते एकमेकांकडे बघत होते.

"तू उतरत नव्हतास?" खाम्फुई म्हणाला.

"तू?"

"पंचवीस तारखेला धुकं पडलं," खाम्फुई हळूच म्हणाला. "माझी आधी लिहायची पाळी. खांब दिसेना. म्हटलं, या दिवसांत पाणी दोनेक उतरतंच. कालचं विचियानने बघितलंय, उद्या तो परत बघणार. मधल्या एका दिवसाचा अंदाज लिहिला तर काय बिघडलं?"

"आणि मी त्याच दिवशी त्याचा आकडा बघितला," विचियान म्हणाला. "म्हटलं, त्याने आधी लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलंय. अठरा वजा केले. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा..."

"तेव्हा तूही म्हणालास, काल खाम्फुईने बघितलंय, उद्या तो बघेलच," मे बुआलायने पुरं केलं. "एकवीस दिवस. हा त्याच्या कालवर, तो ह्याच्या कालवर. साहेब, यांनी कट केला नाही. एकमेकांवर इतका विश्वास ठेवला की नदीला विचारायचं राहून गेलं."

आमच्या साहेबांनी घसा साफ केला. "हे गंभीर आहे. अट स्पष्ट आहे. इशारा चुकला. बेट..."

"एक शंका होती," मे बुआलाय म्हणाली. "सानित, डिसेंबरची प्रत वाच. खालची ओळ."

मी वाचली. "'वरील नोंदी प्रत्यक्ष खांबांशी जाऊन पडताळून पाहिल्या.' एकतीस डिसेंबर. सही, सही."

"प्रत्यक्ष," मे बुआलाय म्हणाली. "दार माशीने बंद केलेलं आणि फाटक वेलाने. साहेब, तुम्ही कुठून उतरलात?"

आमच्या साहेबांनी त्यांच्या साहेबांकडे पाहिलं. "आमच्याकडे कागद आला तेव्हा त्यांची सही आधीच झालेली होती. आम्ही समजलो..."

"आम्हाला फोनवर सांगण्यात आलं," त्यांचे साहेब अतिशय नम्रपणे म्हणाले, "की थाय बाजूने तपासणी झालेली आहे."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. बहुधा लुङ तान. तो कधी हसतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे खात्री देता येत नाही.

"चुकलेला इशारा एक आहे आणि चुकणारे चार," मे बुआलाय म्हणाली. "बंद करायचं तर चौघांचं करा. नाहीतर माझं ऐका. उद्यापासून खाम्फुईने विचियानचा खांब वाचायचा आणि विचियानने खाम्फुईचा. रोज पहाटे नदी ओलांडून. आपल्या घरच्या खांबाला माणूस कंटाळतो. दुसऱ्याच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर, न बघता आकडा लिहायची कुणाची छाती नाही. आणि नावेत बसल्यावर दोघांनी तानला विचारायचं, पाणी कसं आहे. उत्तर वहीत लिहायचं. तिसरा रकाना पाडा. आणि ढोल वाजवायचा अधिकार तानला द्या."

साहेबांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत अट अशी दुरुस्त झाली की इशारा 'पुन्हा' चुकला तर बेट बंद. एक शब्द घालायला दोन देशांना चाळीस मिनिटं लागली, जे त्यांच्या मानाने जलद होतं.

दुसऱ्या सकाळपासून धुक्यात दोन माणसं दोन काठांवरून निघतात. येताना लुङ तान एकाला आणतो, जाताना दुसऱ्याला नेतो. खाम्फुई चौऱ्याऐंशी पायऱ्या मोजत उतरतो. विचियान मळ्यातून जातो. खाम्फुईची बायको त्याच्या खिशातल्या पेनांशेजारी शेंगा खोचते. मे बुआलायने चारपैकी दोन वाफ्यांत मोहरी लावली. भुईमुगाला उशीर झाला होता. फेब्रुवारीत एकदा पहाटे साडेपाचला ढोल वाजला, अकरा घरं वेळेत होड्यांत बसली, आणि मे बुआलायने या खेपेला पातेलंही घेतलं.

मार्चमध्ये वरच्या कार्यालयातून पत्र आलं. डिसेंबर-जानेवारीतील नोंदी अत्यंत सुसंगत होत्या, परंतु त्यानंतर दोन्ही खांबांमधील फरक कधी सोळा, कधी वीस असा येत असून पातळीही अकारण चढ-उतार दाखवते. या बिघाडाचा खुलासा करावा.

मी उत्तराचा मसुदा तीनदा लिहिला. तिन्ही वेळा तो साप्ताहिकातल्यासारखा झाला. शेवटी मे बुआलायला वाचून दाखवलं. ती मोहरी निवडत होती.

"एवढं कशाला," ती म्हणाली. "लिही, सध्या आम्ही नदी बघतो."

तेवढंच लिहिलं. खाली दोन्ही साहेबांच्या सह्या घेतल्या, खांबापाशी उभं राहून.